करडईचं बोंड दाबून बघा, मऊ लागलं तर आत अळी आहे समजा

करडई सध्या कळी धरतेय आणि चार दिवस झाले आभाळ भरून आहे, म्हणून बाकीचं बाजूला ठेवून आधी हेच लिहितो. उद्या सकाळी रानात जा. बांधावर उभं राहून बघू नका, आत शिरा. हातात मोजे घाला, पायाला गोणपाट गुंडाळा, काटे टोचणारच, तरी शिरा.

दरवर्षी घोटाळा इथंच होतो. फांद्या फुटून काटे टणक झाले की आपण करडईत पाय ठेवत नाही, एकदम काढणीलाच जातो, आणि मग बोंडं चोळली की हाताला पोकळ लागतात. तेव्हा म्हणायचं पाणी कमी पडलं, नाहीतर बियाणं खराब निघालं. बऱ्याचदा ती बोंडमाशी असते हो. शास्त्रीय नाव अकँथिओफिलस हेलिअँथी. फळमाशीच्याच घराण्यातली, पण आंबा-काकडी सोडून करडईच्या कुळातल्या झाडांवर जगणारी. दिसायला घरमाशीपेक्षा लहान, राखाडी, पंखावर फिकट डाग. मादी फूल उमलायच्या आधीच कळीत अंडी घालते, पांढुरक्या बिनपायाच्या अळ्या आतला गाभा खातात आणि कोषात जातात तेही बोंडातच, त्यामुळं लांबून रान हिरवंगार दिसतं आणि आपण निवांत.

म्हणून दाबून बघायचं. शेंड्याला मऊ लागलं, ओलसर रस आला, घाण वास आला की चिरून बघा. बाहेरून ठळक भोक असेल तर ती घाटेअळी, हरभऱ्याचे घाटे पोखरते तीच, तिचा उपाय वेगळा.

सडकी बोंडं तोडायची ती बादलीत, पिशवीत नको, काट्यानं पिशवीची चाळणी होते. आणि तोडून बांधावर टाकू नका!! आमच्या शिवारात एकानं दोन दिवस मजूर लावून बोंडं तोडली, बांधावर ढीग घातला, आणि त्याच ढिगातल्या कोषातून माश्या निघून परत त्याच्याच रानात. मजुरी गेली, करडई पण गेली. जाळा नाहीतर खोल खड्ड्यात पुरा, त्याच दिवशी. आठ-दहा दिवसांनी परत फेरी मारा, कारण सगळ्या कळ्या एकदम येत नाहीत आणि माशीची पुढची पिढी उरलेल्या कळ्यांवर येते.

आता दुकानदाराचं. तुम्ही फळमाशी म्हणालात की तो वासानं माशी ओढणारा सापळा काढून देणार. मिथाइल युजेनॉलची गोळी आंबा-पेरूच्या माशीची, क्यू ल्यूर काकडी-कारल्याच्या माशीची, करडईत त्याचा उपयोग नाही, पैसे वाचवा. तीन औषधं आणि वरून टॉनिक एकाच पंपात घालायला सांगितलं तर दुकानातून सरळ घरी या. अळी बोंडाच्या आत बसलीय, महाग औषध मारलं म्हणून ते आत जात नाही.

फवारणीची वेळ म्हणजे कळी धरताना, फूल उमलायच्या आधी. डायमिथोएट ३० टक्के, १० लिटर पाण्याला १३ मिली. ही मात्रा कृषी विद्यापीठ माव्यासाठी, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी सांगतं, आणि ढगाळ हवेत मावा असणारच, तेव्हा एकाच फवाऱ्यात दोन्ही कामं होतात. प्रादुर्भाव नुकता दिसत असेल तर ५ टक्के निंबोळी अर्कानं सुरुवात करा. फुलं उमलली की फवारा बंद, मधमाश्या करडईवर तुटून पडतात आणि दाणा भरायला त्या लागतात. माझा आपला अंदाज असा की ओढ्याकडच्या, सावलीच्या कडेला बोंडं आधी सडतात, म्हणून मी फेरी तिथून सुरू करतो. पुस्तकात हे नाही.

बाकी कामं:
- मावा आधी कडेच्या ओळीत येतो, तिथं बघा
- पाणी असेल तर एक पाळी फुलोऱ्यात, जमिनीला भेगा पडायच्या आत
- काढणी पहाटे, दवात काटे नरम असताना
- पुढच्या वर्षी पेरणीला उशीर नको
- काट्यांमुळं रानात शिरवत नसेल तर फलटणच्या निंबकर संस्थेची बिनकाट्याची करडईची जात नारी-६ बघा

आणि गेल्या वर्षीच्या सांडलेल्या बियांची चार-दोन झाडं खळ्याजवळ, पांदीच्या कडेला उगवलेली असतात बघा, त्यांना कुणी हात लावत नाही. माशीची सोय आधी तिथंच होते. ती याच आठवड्यात बोंडांसकट उपटून जाळा.