बेकायदा करारात दिलेले पैसे परत मिळतात का? इंग्लिश कायदा शिकणाऱ्या नवख्यांसाठी

एलएलबी आपल्याकडे करून मी एलएलएमला लंडनला आलो, तेव्हा भारतीय करार कायद्याचं कलम ६५ डोक्यात पक्कं होतं: करार निरर्थक निघाला की घेतलेला लाभ परत करायचा. इंग्लंडमध्ये असं सर्वसाधारण कलमच नाही. सगळं निकालांतून घडलंय, त्यामुळे निकाल मुळातून वाचायला पर्याय नाही.

पुस्तकं बहुधा १७७५च्या होल्मन विरुद्ध जॉन्सनपासून सुरुवात करतात. चहाची तस्करी, न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड वगैरे. ते नंतर वाचा. आधी २०१६चा पटेल विरुद्ध मिर्झा घ्या. आतल्या गोटातल्या माहितीवर रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या शेअरवर सट्टा लावायला पटेलांनी मिर्झांना ६,२०,००० पौंड दिले. माहिती आलीच नाही, सट्टा झाला नाही, पैसे मात्र मिर्झांकडेच राहिले. बेत सरळसरळ गुन्ह्याचा होता. तरीही सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी पटेलांच्या बाजूने कौल दिला.

कारणांवर मात्र एकमत नव्हतं, आणि परीक्षेतले गुण तिथेच आहेत. बहुमताकडून लॉर्ड टूलसन तीन गोष्टी बघतात: मोडलेल्या मनाईचा हेतू काय आणि दावा फेटाळून तो साधतो का, दुसरं कुठलं सार्वजनिक धोरण आड येतं का, आणि फेटाळणं प्रमाणाबाहेर तर होत नाही ना. लॉर्ड सम्प्शन यांना हे फारच सैल वाटलं. त्यांचं म्हणणं, मुद्दल परत देणं म्हणजे करार राबवणं नव्हे, उलट दोघांना मूळ जागी नेऊन सोडणं. मला वाचायला सम्प्शन आवडतात. उत्तर मात्र टूलसन यांच्या चौकटीत लिहावं.

एक फरक सतत समोर ठेवा. समजा सट्टा लागला असता आणि पटेल नफ्यातला वाटा मागायला आले असते, तर कोर्टाला तोच गुन्हेगारी करार राबवावा लागला असता. मुद्दल मागण्यात तसं काही नाही.

पटेल निकालाआधी, काही अपवाद सोडले तर, वेळेत आपणहून माघार घेतली तरच पैसे सुटायचे. १९२५च्या पार्किन्सन खटल्यात एका कर्नलने 'सर' किताबाच्या आशेने संस्थेला ३,००० पौंड दिले, किताब मिळाला नाही, पैसेही गेले. टूलसन यांनी पटेल निकालात याच खटल्याच्या संदर्भात सुचवलं की लाच ती घेणाऱ्याकडेच राहू देणं हे ती परत करण्यापेक्षा अधिक आक्षेपार्ह ठरू शकेल. मुद्दा त्यांनी निकाली काढला नाही. सेमिनारला जाताना कर्नलच्या बाजूचा आणि विरोधातला, दोन्ही युक्तिवाद लिहून न्या.