घर ते विहीर एकच केबल: मोटरची लाईन आणि फ्लोटच्या तारा सोबत कशा न्याव्यात

चैत्र-वैशाखात आपल्याकडच्या विहिरी तळाला जातात. घरातून चालू केलेली मोटर पाणी संपल्यावरही कोरडी फिरत राहते आणि सील जळतं. विहिरीत फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) सोडला तर पाणी संपताच मोटर बंद पडते. पण त्यासाठी घरापासून दोन तारा जास्तीच्या न्याव्या लागतात. त्या बाभळीवरून लोंबकळत नेण्यापेक्षा मोटरच्या केबलमधूनच न्या. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण स्वतः उभं राहून बघा.

1. केबल

1 एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक आणि 60 मीटर अंतर धरू. यासाठी तांब्याची, 2.5 चौरस मिलिमीटरची, 5 कोरची (आत पाच वेगळ्या तारा असलेली), 1100 व्होल्ट ग्रेडची आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाची केबल घ्या. मोटर साधारण 7 अँपिअर ओढते, म्हणजे जाऊन-येऊन 120 मीटर तारेत सहा-सात व्होल्ट पडतात. 1.5 ची घेतली तर दहाच्या वर पडतील, आणि गावात संध्याकाळी व्होल्टेज आधीच कमी असतं. फ्लोटच्या तारांतून करंट नावालाच जातो, पण त्यांचं इन्सुलेशन मोटरच्या तारांइतकंच भक्कम लागतं. म्हणून कॅमेऱ्याची किंवा फोनची बारीक वायर या केबलसोबत एका पाइपात कधीही घालू नका.

2. रंग

या केबलीत बहुतेक वेळा लाल, पिवळा, निळा, काळा आणि राखाडी असे कोर असतात, हिरवा नसतो. लाल फेज, काळा न्यूट्रल, राखाडी अर्थिंग, पिवळा-निळा फ्लोट असं ठरवा. राखाडीवर दोन्ही टोकांना हिरवी स्लीव्ह चढवा, फ्लोटच्या कोरवर चिठ्ठ्या लावा. आर्मरही ग्लँडमधून (केबलचं टोक पेटीत घट्ट धरणाऱ्या धातूच्या तुकड्यातून) अर्थिंगला जोडा.

3. एकच मेन स्विच

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. फ्लोट मोटरची लाईन थेट तोडत नाही; तो घरातल्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे कॉइलने ओढला जाणाऱ्या मोठ्या स्विचची कॉइल बंद करतो आणि कॉन्टॅक्टर मोटर बंद करतो. मोटरची लाईन आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलची लाईन एकाच डबल पोल मेन स्विचच्या आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या (करंट गळला की लाईन तोडणाऱ्या स्विचच्या) पुढूनच घ्या. कॉइलच्या लाईनला स्वतःचा 2 अँपिअरचा एमसीबी द्या. पुष्कळ घरांत कंट्रोलची लाईन सोयीसाठी इन्व्हर्टरवर टाकलेली असते. मग लाईन गेली की घरचा माणूस निर्धास्तपणे विहिरीवर केबल खोलतो, आणि पिवळ्या कोरमध्ये 230 व्होल्ट जिवंत असतात. शिवाय फ्लोट पाण्यात आहे. मेन पाडला की केबलमधले सगळे कोर मेले पाहिजेत, यात तडजोड नको.

फ्लोट कॉइलच्या सिरीजमध्ये असा जोडा की पाणी असेपर्यंत संपर्क जुळलेला राहील. उद्या तार तुटली तर मोटर बंदच पडेल. छतावरच्या टाकीचा फ्लोटही याच सिरीजमध्ये बसतो.

4. नाली

75 सेंटिमीटर खोल खणा. खाली-वर वाळू, वर विटांचा थर. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे केबल ताणून टाकू नका, थोडी नागमोडी टाका आणि दोन्ही टोकांना एकेक वेटोळं शिल्लक ठेवा. बंडीच्या वाटेखाली जाड पाइप घाला. मध्ये सांधा नकोच.

5. तपासणी

जोडण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) प्रत्येक कोर दुसऱ्या प्रत्येक कोरशी आणि आर्मरशी तपासा. रीडिंग 1 मेगाओमच्या खाली असेल तर केबल दुकानदाराला परत करा. जोडल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, मग मोटर चालू असताना विहिरीतला फ्लोट लोंबकळेल इतका वर ओढून मोटर थांबते का ते बघा. शेवटी मेन पाडून विहिरीकडच्या पाचही कोरवर मल्टिमीटर लावा.

विहीर घराजवळ नसून तीन-चारशे मीटरवरच्या वावरात असेल तर ही पद्धत जशीच्या तशी वापरू नका. इतक्या लांबीत फेजच्या शेजारून जाणाऱ्या फ्लोटच्या कोरमध्ये आपोआप थोडं व्होल्टेज उतरतं आणि लहान रिले (कॉन्टॅक्टरसारखाच, पण छोटा स्विच) फ्लोट उघडल्यावरही सुटत नाही. तिथे स्टार्टर विहिरीवरच बसवा.