दोन-तीन वर्षांच्या मुलाला चित्रपुस्तक कसे वाचून दाखवावे: प्रश्नानंतरच्या शांततेविषयी

लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवाव्यात, हा सल्ला आता बालरोगतज्ज्ञांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळेच देतात. वाचायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र फार थोडे जण सांगतात. परिणामी अनेक घरांत आईवडील रोज निष्ठेने पुस्तक उघडतात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, मूल निमूटपणे ऐकते आणि पुस्तक मिटले जाते. त्यात वाईट काहीच नाही. पण मुलाची बोली भाषा वाढावी असा हेतू असेल, तर एवढे पुरेसे नाही.

न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठात ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्यात २१ ते ३५ महिने वयाची मुले होती आणि दोन्ही गटांतील पालक घरी पुस्तके वाचून दाखवत होते. फरक इतकाच की एका गटातील पालकांना वाचता वाचता प्रश्न विचारण्याचे, मुलाचे उत्तर वाढवून सांगण्याचे आणि हळूहळू बोलण्याची सूत्रे मुलाकडे सोपवण्याचे प्रशिक्षण दिले होते. अवघ्या एका महिन्यानंतर त्या गटातील मुले बोलून व्यक्त होण्याच्या चाचण्यांत दुसऱ्या गटाच्या स्पष्टपणे पुढे होती. नऊ महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा अंतर कमी झालेले होते, पण पुसले गेलेले नव्हते. वाचन दोन्हीकडे होत होते. बदलले होते ते कोण बोलते आहे एवढेच. पुढे मेक्सिकोतील पाळणाघरातही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील दोन वर्षांच्या मुलांबरोबर ही पद्धत वापरली गेली आणि तिथेही तिचा उपयोग दिसला. तिला आपण संवादात्मक वाचन म्हणू.

पुस्तक आणि वेळ

चित्रे मोठी, मजकूर थोडा आणि चित्रात काहीतरी घडत असलेले पुस्तक घ्यावे: कोणी पडले आहे, कोणी रुसले आहे, कोणाचे काही हरवले आहे. नुसती फळे-भाज्यांची पाने असलेली पुस्तके नामावळी शिकवतात, त्यांतून संभाषण निघत नाही. घरात पाच-सहा पुस्तके असली तरी पुरे. मूल तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागत असेल तर कंटाळू नये. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांना २०११ मध्ये असे आढळले की तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींत ऐकण्यापेक्षा एकाच गोष्टीत पुन्हा पुन्हा ऐकले तर अधिक चांगले लक्षात राहतात.

पोट भरलेले, झोप झालेली, दहा मिनिटे. रात्री निजवताना वाचायची गोष्ट वेगळी. ती जवळीक आणि शांततेसाठी असते, तिथे प्रश्न विचारू नयेत.

पहिले वाचन

पुस्तक नवे असेल तर पहिल्यांदा गोष्ट सरळ सांगून टाकावी, तीही घरात बोलता त्या भाषेत. घरी अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलत असाल तर गोष्टही तशीच सांगावी. छापील वाक्यांशी इमान राखण्याची गरज नाही.

प्रश्न

दोन वर्षांच्या आसपास ‘काय’, ‘कोण’ आणि ‘कुठे’ एवढेच प्रश्न पुरतात. ओळखीच्या गोष्टीतील वाक्य अर्धवट सोडून मुलाला ते पुरे करू द्यावे, हाही उत्तम प्रकार आहे. अडीच-तीननंतर ‘इथे काय चाललंय?’ असा मोकळा प्रश्न विचारावा, आणि त्यानंतर पुस्तकातील प्रसंग मुलाच्या आयुष्याशी जोडावा: ‘आपण एसटीने मामाकडे गेलो होतो, तेव्हा खिडकीतून काय दिसलं होतं?’ ‘का’ने सुरू होणारे प्रश्न आणखी उशिरा येतात, त्यांची घाई नको.

एका पानावर एक प्रश्न, फार तर दोन. प्रत्येक चित्रावर बोट ठेवून ‘हे काय? हे काय? आणि हे?’ असे विचारत गेल्यास वाचनाची तोंडी परीक्षा होते आणि मूल थोड्याच दिवसांत पुस्तक पाहताच उठून जाऊ लागते. रंग, आकडे आणि ‘ॲपल म्हण बाळा’ हे या दहा मिनिटांतून पूर्णपणे वगळावे, असे माझे ठाम मत आहे. पाहुण्यांपुढे मुलाकडून उत्तरे वदवून घेणे तर कधीच करू नये.

प्रश्नानंतर थांबणे

या पद्धतीचा सारा जीव या पायरीत आहे, आणि पालक सर्वांत अधिक इथेच अडखळतात. मलाही बाकीच्या गोष्टी लवकर जमल्या. ही जमायला फार काळ लागला.

प्रश्न विचारला की थांबायचे. पूर्ण गप्प राहून, मनातल्या मनात सावकाश पाचपर्यंत मोजायचे. वाचताना हे सोपे वाटते, पण प्रत्यक्षात दुसऱ्या अंकापाशीच प्रौढ माणसाचे ओठ हलू लागतात. याला कारण आहे. मोठी माणसे एकमेकांशी बोलतात तेव्हा एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत सरासरी एका सेकंदाचा पाचवा भाग इतकेच अंतर असते. जगातील दहा भाषांची तुलना करणाऱ्या २००९ च्या अभ्यासात हे दिसून आले आहे. समोरचा बोलत असतानाच आपण आपले उत्तर जुळवू लागतो, म्हणून हे शक्य होते. या सवयीमुळे दोन सेकंदांची शांतता आपल्याला ‘काहीतरी चुकले’ अशी वाटते. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूला मात्र प्रश्न ऐकून त्याचा अर्थ लावायचा असतो, चित्रातील योग्य जागा शोधायची असते, आठवणीतून शब्द काढायचा असतो आणि तो शब्द उच्चारण्यासाठी जीभ, ओठ, श्वास यांची जुळणी करायची असते. यातले प्रत्येक काम त्याच्यासाठी अजून नवे आहे. ही कामे वेगाने करण्यासाठी लागणाऱ्या मज्जातंतूंच्या जोडण्या आणि त्यांवरील आवरण अजून तयार होत असते. म्हणून मुलाला वेळ लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

अमेरिकेतील मेरी बड रो यांनी शाळांतील विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासून दाखवले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांब होतात, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी होते आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. ती शाळेत जाणारी मुले होती. त्यांना तीन सेकंदांनी इतका फरक पडत असेल, तर आपल्या मांडीवरील मुलाला पाच सेकंद देणे मुळीच अधिक नाही.

थांबताना काय करू नये, हे मी आग्रहाने सांगते. प्रश्न पुन्हा विचारू नये. पालकांना वाटते की आपण मदत करतो आहोत. प्रत्यक्षात मूल अर्ध्या वाटेवर पोचलेले असताना आपण त्याला पुन्हा सुरुवातीला आणून उभे करतो, आणि दुसऱ्यांदा शब्द बदलून विचारले तर त्याहून वाईट. ‘सांग ना, सांग ना, तुला येतं की’ असे म्हणू नये. उत्तराचे पहिले अक्षर पुरवू नये. बोटाने चित्र दाखवू नये. मोबाइल हातात तर नकोच, पालथा ठेवलेलाही नको, कारण मूल उत्तर देण्याआधी एकदा आपल्या चेहऱ्याकडे पाहते आणि त्या क्षणी आपली नजर तिथे असावी लागते. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवला तर काही महिन्यांचे तान्हे मूलही आधी तिला प्रतिसाद द्यायला लावण्याचा प्रयत्न करते आणि मग अस्वस्थ होऊन तोंड फिरवते, हे स्पष्ट दिसले. तेव्हा आपले थांबणे निर्विकार नसावे. आधी चित्राकडे, मग मुलाकडे पाहावे, चेहरा उत्सुक असावा, तोंड बंद असावे.

दुसरी अडचण घरातील माणसांची. आजी शेजारी बसलेली असते आणि नातवाची फजिती होऊ नये म्हणून प्रेमाने उत्तर देऊन मोकळी होते; थोरली ताई तर प्रश्न संपायच्या आत ओरडते. आजींना आधीच विश्वासात घेऊन सांगावे की आम्ही मुद्दाम थांबतो आहोत. ताईकडे पाने उलटण्याचे काम द्यावे आणि तिच्यासाठी स्वतंत्र, तिच्या वयाचा प्रश्न राखून ठेवावा. मोठ्या भावंडाला नुसते गप्प बसवल्यास ते पुस्तकावरच रुसते.

शांतता दोन प्रकारची असते आणि त्यांतला फरक ओळखायला शिकावे लागते. मूल चित्राकडे टक लावून आहे, ओठ किंचित हलत आहेत, बोट पुढे सरकते आहे, तर ते कामात आहे. पाचऐवजी आठपर्यंत मोजावे लागले तरी मोजावे. मान फिरली, अंग सैल झाले, हात दुसऱ्या वस्तूकडे गेला, तर ते बाहेर पडले आहे. अशा वेळी उत्तर आपणच एका साध्या वाक्यात द्यावे, ‘पिल्लू टोपलीमागे लपलंय’, आणि पान उलटावे. आवाजात निराशा येऊ देऊ नये. न बोलता बोट दाखवले, नजर नेली, आवाज काढला, तर तेही उत्तरच आहे आणि त्याला शब्दात दिलेल्या उत्तराइतकाच मान द्यावा.

पहिले काही दिवस हाती काही लागणार नाही. ज्या मुलाला आजवर कोणी थांबून ऐकले नाही, त्याला ही जागा आपल्यासाठी मोकळी ठेवली आहे हे कळायलाच वेळ लागतो. याच दिवसांत पालक कंटाळून पुन्हा सरळ वाचू लागतात. असे करू नये, एवढीच विनंती आहे.

उत्तर वाढवणे

मुलाने जे दिले त्यात थोडीच भर घालून परत द्यावे. ‘भुभू पाणी’ असे मूल म्हणाले तर ‘हो, भुभू पाण्यात पडला’. ‘पाणी’चे ‘पाण्यात’ होणे, क्रियापद कुत्र्याच्या लिंगाप्रमाणे बदलणे हे मराठीचे सारे बारकावे मूल अशा वाक्यांतून उचलते. त्यासाठी ‘असं नाही, असं म्हण’ अशी दुरुस्ती करावी लागत नाही. ‘माझा पुस्तक’ला ‘हो, तुझं पुस्तक’ एवढे उत्तर पुरे. मुलाच्या दोन शब्दांवर आपली चार-पाच शब्दांची वाक्ये योग्य. तिथे पंधरा शब्दांचे व्याख्यान दिले की संभाषण संपते. वाढवलेले वाक्य मुलाने स्वतःहून पुन्हा म्हटले तर आनंद मानावा, म्हणण्याचा आग्रह धरू नये.

‘मुलाच्या कानांवर जास्तीत जास्त शब्द पडू द्या’ या सल्ल्याने बरीच दिशाभूल केली आहे. कॅन्ससमधील ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून तीन कोटी शब्दांच्या दरीची, म्हणजे गरीब आणि सुस्थितीतील घरांतील मुलांच्या कानांवर पडणाऱ्या शब्दांतील फरकाची, चर्चा १९९५ पासून चालू आहे; पण त्या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे संशोधकांनीच गंभीर आक्षेप घेतले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०१८ मध्ये रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचे घरातील बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूचे प्रतिमाचित्रण केले. मेंदूतील भाषेशी निगडित ब्रोका या भागाच्या सक्रियतेशी संबंध दिसला तो मोठ्यांनी उच्चारलेल्या शब्दांच्या संख्येचा नव्हे, तर मोठे आणि मूल यांच्यात झालेल्या बोलण्याच्या देवाणघेवाणीचा. कुटुंबाची आर्थिक स्थिती लक्षात घेतल्यानंतरही तो टिकून होता. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. तरी अखंड बडबड करून दमणाऱ्या आईवडिलांना थोडे गप्प राहायला सांगण्याइतका आधार त्यातून नक्कीच मिळतो.

दूरच्या आजी-आजोबांसाठी

ज्यांची नातवंडे परदेशात आहेत त्यांना हे व्हिडिओ कॉलवरही करता येते. अमेरिकेतील एका अभ्यासात २०१४ साली असे दिसले की दोन-अडीच वर्षांची मुले थेट व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदे शिकली, मात्र आधीच मुद्रित केलेल्या दृश्यफितीवरून शिकली नाहीत, कारण फीत मुलाच्या प्रतिसादाची वाट पाहत नाही. एकच पुस्तक दोन्ही घरी ठेवावे. पुण्यातील आजीने प्रश्न विचारावा, मूल तिथे आपल्या हातातील पानावर बोट ठेवील. आवाज पोचायला उशीर होतो म्हणून पाचऐवजी सातपर्यंत मोजावे. गोष्टींच्या तयार चित्रफिती लावून देणे हा त्याला पर्याय होत नाही.

केव्हा पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे

सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून बोलणे नसेल, हाक मारल्यावर मूल वळत नसेल, बोट दाखवून काही सांगत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नये आणि वाचनाने सुधारेल म्हणून वाटही पाहू नये. सर्वांत आधी कानांची तपासणी करून घ्यावी. कानात साठलेल्या द्रवामुळे कमी ऐकू येणे हे या वयात वरचेवर आढळते आणि घरच्यांच्या लक्षात येत नाही. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतील मुलांची मोफत तपासणी होते आणि गरज असल्यास त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. अंगणवाडी सेविकेकडे विचारणा केल्यास पुढची माहिती मिळते. तपासणीला जाताना मूल घरी कोणते शब्द बोलते, कोणत्या खुणा करते आणि कोणत्या आवाजाला वळते हे आठवडाभर वहीत लिहून ती वही सोबत न्यावी, कारण अनोळखी खोलीत मूल बहुधा तोंडच उघडत नाही.