केशर आंब्याला लवकर मोहोर हवा? कल्टारचा डोस झाडाचा विस्तार मोजूनच ठरवा

पॅक्लोब्युट्राझॉल (कल्टार, २३ टक्के) १५ जुलै ते १५ ऑगस्टदरम्यान द्यावे. सोलापूरकडे तेव्हा पाऊस बऱ्याचदा ओढ देतो. कोरड्या मातीत औषध मुळांपर्यंत पोचत नाही, म्हणून आधी पाणी देऊन वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) येऊ द्या. आळ्यातले तणही काढा, नाहीतर तेच औषध पिते.

झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर मोजून सरासरी काढा. मीटरला ३ मिली. म्हणजे ५ आणि ७ मीटर भरले, तर सरासरी ६ आणि औषध १८ मिली. ते ५ लिटर पाण्यात ढवळा. अशा झाडाला खोडापासून दीड मीटरवर, म्हणजे खोड आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध, पहारीने १०-१२ सेंमी खोल २५ भोकं गोल पाडा, प्रत्येकात २०० मिली ओता आणि मातीने बुजवा.

हे औषध जिबरेलिन (झाडाची वाढ करणारे संप्रेरक) रोखून पालवी थांबवते, म्हणून मोहोर लवकर येतो. डोस जास्त झाला की पानांचे गुच्छ होतात, मोहोर आखडतो. दहा वर्षांखालच्या किंवा अशक्त झाडाला देऊच नका. दिलेल्या झाडाची खतमात्रा मात्र वाढवावी लागते, त्यात काटकसर केली तर झाड खंगते.