कमी पीसची डाय बनवताय? या चुका टाळा

अंधेरी, साकीनाका किंवा वसईच्या एखाद्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या दोनशे-पाचशे पीसचं काम घेऊन गेलात, की हल्ली ॲल्युमिनियमची डाय (वितळलेलं प्लॅस्टिक आत दाबून पीस काढायचा साचा) सुचवतात. स्टीलपेक्षा लवकर कापून होते, स्वस्त पडते. पीस बिघडले की दोष मात्र डायमधून पीस काढणाऱ्या मोल्डरच्या माथी येतो. माझ्या मते निम्मा घोळ डाय कापायच्या आधीच झालेला असतो.

थ्रीडी प्रिंटसाठी केलेलं ड्रॉइंग जसंच्या तसं पाठवणं ही नेहमीची चूक. प्रिंटरला सरळसोट भिंत चालते, डायला नाही. १ ते २ अंश ड्राफ्ट (भिंतीला उतार) हवाच, टेक्स्चर असेल तर ३ किंवा त्याहून जास्त. नाहीतर पीस कोअरला (डायच्या आतल्या उंचवट्याला) धरून बसतो आणि त्याला ढकलून काढणाऱ्या इजेक्टर पिनच्या जागी पांढरे डाग उमटतात. मग ऑपरेटर सिलिकॉन स्प्रे मारतो. तेवढी शिफ्ट निभावते, पण त्या पीसवर पुढे रंग धरत नाही.

‘मजबूत हवं’ म्हणून भिंत ५ मिमी करू नका. जाड भाग सावकाश गार होतो, आत आकसतो, वर खड्डा दिसतो. एबीएस प्लॅस्टिकला २ ते ३ मिमी पुरतात. जोर हवा तर रिब (आतून आधाराची उभी पट्टी) द्या, भिंतीच्या साधारण निम्म्या जाडीची.

आता मुंबईचा पावसाळा. पीसवर गेटपासून (माल डायमध्ये शिरतो त्या जागेपासून) पसरलेल्या चंदेरी रेघा दिसल्या की प्लॅस्टिकचा दाणा ओला नाही ना, ते आधी बघा. एबीएस ८० अंशांवर २ ते ४ तास, पॉलीकार्बोनेट १२० अंशांवर ३ ते ४ तास सुकवावं लागतं. नायलॉन तर उघड्या गोणीत हवेतली ओल ओढतच राहतं. खात्री करायची तर मशीनचं नोझल डायपासून मागे घेऊन थोडा माल बाहेर सोडा: फेसाळला, तडतडला तर दाणा ओला. पॉलीकार्बोनेटच्या बाबतीत दिसण्यावर जाऊ नका. वरून स्वच्छ दिसणारा पीसही ओल्या दाण्याचा असेल तर ठिसूळ होतो, स्क्रू पिळताना तडकतो.

दाणा नीट सुकवूनही डाग येतात? कॅव्हिटीवरून (डायच्या पोकळ भागावरून) कोरडं बोट फिरवा. डाय गार करणाऱ्या चिलरचं पाणी फार गार असलं की दमट हवेत डायलाच घाम फुटतो. पाण्याचं तापमान थोडं वाढवा. दाणा सुकवणाऱ्या ड्रायरला बोल लावून उपयोग नाही.

डाय झाल्यावर ‘एबीएस महाग पडतंय, पीपी (पॉलीप्रोपिलीन) टाका’ हेही नको. एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं, पीपी १ ते २ टक्के किंवा जास्तही. १०० मिमीच्या झाकणात एखाद मिलिमीटरचा फरक पडला की ते बसत नाही. काचेचे तंतू भरलेलं नायलॉन तर ॲल्युमिनियम झिजवतं. ते वापरायचं असेल तर आधीच सांगा.

फिटिंगच्या जागी डायमध्ये धातू मुद्दाम जास्त ठेवून घ्या. पीसचं लॉक (खटका) सुरुवातीला थोडं ढिलं बसू दे. डायमधला धातू खरवडून ते घट्ट करता येतं. उलटं झालं तर धातू भरायला वेल्डिंग, आणि ॲल्युमिनियमवर ते किचकटच. ट्रायलचे पीस मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजू नका, दुसऱ्या दिवशी मोजा. आणि डाय कोणाच्या मालकीची, कुठे ठेवायची, हे ॲडव्हान्स देण्याआधी ऑर्डरवर लिहून घ्या.