मागच्या दारी आलेले मांजर: पहिल्या ताटलीपासून नसबंदीपर्यंत

पावसाळा लागला की एखादे अनोळखी मांजर जिन्याखाली, मीटरच्या खोलीत किंवा झाकून ठेवलेल्या स्कूटरच्या सीटवर आसरा घेते आणि दोन दिवसांत आपल्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन पोहोचते. अशा वेळी घरातले कोणी तरी वाटीभर दूध पुढे सरकवते, कोणी तरी त्याला उचलायला धावते, आणि या दोन्ही गोष्टी मांजराच्या दृष्टीने चुकीच्या ठरू शकतात. आलेले मांजर नेमके कोण आहे हे आधी पाहावे आणि मगच त्याच्यासाठी काय करायचे ते ठरवावे, असे अनेक वर्षे दारात आलेल्या मांजरांची देखभाल केल्यावर माझे मत झाले आहे.

ते कोणाचे तरी हरवलेले असू शकते. गळ्यात पट्टा असेल, बोलावल्यावर शेपूट उभी करून जवळ येत असेल, माणसाकडे पाहून म्यांव करत असेल, तर ते माणसांच्या घरात वाढलेले असण्याची शक्यता बरीच असते. रस्त्यावरच वाढलेले मांजर सहसा माणसाकडे पाहून आवाज काढत नाही. ते अंग चोरून, भिंतीच्या कडेने चालते. शेजाऱ्यांना, इमारतीच्या रखवालदाराला, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला आणि विशेषतः मासळी विकणाऱ्या मावशींना विचारावे, कारण गल्लीतली मांजरे त्यांना सर्वांत जास्त ठाऊक असतात. एका कानाचे टोक सरळ कापलेले दिसले, तर त्या मांजराची नसबंदी झालेली आहे आणि त्याच्याकडे लक्ष देणारे कोणी तरी आधीपासून आहे, असे समजावे. मांजरीचे पोट खाली लोंबत असेल आणि स्तनांभोवतीचे केस गळलेले असतील, तर तिची पिल्ले जवळपास कुठे तरी आहेत. तिला घरात कोंडून घेतले तर ती उपाशी मरतील.

पहिले काही दिवस अंतर राखणे ही सर्वांत मोठी मदत आहे. ताटली रोज त्याच जागी, शक्यतो त्याच वेळेला ठेवावी आणि आठ-दहा पावले दूर, जमिनीवर बसावे. उभा माणूस मांजराला फार मोठा दिसतो. त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. नजर मिळालीच तर आपण डोळे सावकाश मिटून उघडावेत. काही दिवसांनी तेही तसेच करू लागते, आणि ते आपल्याला स्वीकारत असल्याची ही मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारी खूण आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या करड्या पट्ट्यांच्या मांजरीने प्रथम ताटलीतला तुकडा तोंडात धरून पायरीखाली पळून जाणे पसंत केले. नवव्या दिवशी तिने तो ताटलीतच, माझ्याकडे पाठ करून खाल्ला. ज्या जिवाला सतत मागे वळून पाहावे लागते, त्याने आपल्याकडे पाठ करावी, हा विश्वास होता.

त्याच काळात माझ्या हातून एक चूक घडली आणि ती इथे मुद्दाम सांगते. चौथ्या दिवशी ती ताटलीतला तुकडा उचलत असताना मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला उचलण्याचा प्रयत्न केला. तिने अंगठ्याच्या बुडाशी चावा घेतला. वर फक्त दोन बारीक ठिपके दिसत होते, पण मांजराचे सुळे सुईसारखे असल्याने जंतू खोलवर जातात. संध्याकाळपर्यंत हात मनगटापर्यंत सुजला आणि प्रतिजैविके घ्यावी लागली. मांजर चावले किंवा नखाने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद किंवा चुना लावू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. रेबीज मांजरांमुळेही होतो, आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी पूर्ण कराव्यात. रक्त आलेल्या जखमेसाठी लशीबरोबर सीरमही द्यावे लागते, ते डॉक्टर ठरवतात.

आता खाण्याविषयी. दूध देऊ नये. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि आधीच अशक्त असलेल्या जिवाला जुलाब झाले की त्याच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. पहिल्या दिवसासाठी मीठ, हळद, तेल, कांदा आणि लसूण काहीही न घालता उकडलेली कोंबडी, हाडे काढून, बारीक तोडून द्यावी. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे आपल्या पातेल्यातला रस्सा किंवा उरलेले कालवण कितीही आवडीने खाल्ले तरी ते देण्याजोगे नाही. सुकट किंवा सुके बोंबील खारवलेले असतात. द्यायचेच झाले तर भिजवून, दोन पाणी बदलून आणि अगदी थोडे द्यावे. फार दिवसांचे उपाशी, हाडे दिसणारे मांजर असेल तर एकदम पोटभर घालू नये. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे.

मांजर टिकून राहिले, तर मात्र दूधभातावर किंवा नुसत्या कोंबडीवर त्याला ठेवणे योग्य नाही. मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे आणि टॉरिन नावाचा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांचे आणि हृदयाचे कायमचे नुकसान होते. म्हणून मांजरांसाठीच बनवलेले खाद्य द्यावे, कुत्र्याचे नव्हे. साधारण ४ किलो वजनाच्या मांजराला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम कोरडे खाद्य पुरते. पाण्याचे भांडे जड, पसरट आणि अन्नापासून थोडे दूर असावे. मातीचे परळ यासाठी उत्तम.

खाणे चालू असताना, लांबूनच त्याची तपासणी करता येते. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी येत असेल, शिंका येत असतील आणि अन्न हुंगूनही ते मागे सरत असेल, तर सर्दीने वास कळत नाही असे समजावे. अन्न किंचित कोमट करून दिल्यास पुष्कळदा ते खाऊ लागते. कानांच्या कडांवर जाड खपल्या धरल्या असतील तर ती खरूज असते, आणि गोल चट्ट्याने केस गेले असतील तर गजकर्ण असू शकते. दोन्ही माणसांना लागतात, म्हणून लहान मुलांना दूर ठेवावे. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे कण दिसले तर पोटात पट्टकृमी आहेत, आणि ते बहुधा पिसवांमुळे होतात. एकाचा इलाज करून दुसरा सोडला तर महिन्याभरात पुन्हा तेच दिसते.

काही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल. हिरड्या गुलाबी न दिसता पांढुरक्या किंवा पिवळ्या दिसत असतील. बोका लघवीच्या पवित्र्यात पुन्हा पुन्हा बसत असेल आणि थेंबही येत नसेल. या शेवटच्या गोष्टीकडे बद्धकोष्ठ म्हणून दुर्लक्ष होते, पण मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांतच दगावू शकतो. एरवी खाणाऱ्या मांजराने दोन दिवस अन्न सोडले तरी थांबू नये, कारण उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साठते. पावसाळ्यात बोक्यांच्या भांडणातल्या जखमांत अळ्या पडतात, आणि गुरांच्या जखमेत ओततात तसे टर्पेंटाइन किंवा फिनेल अनेक जण ओततात. मांजराला ते विष आहे.

याच ओघात घरातल्या औषधांविषयी सांगितले पाहिजे. ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटामोलची गोळी मांजराला कधीही, अर्धीसुद्धा, देऊ नये. त्याचे शरीर ती पचवू शकत नाही आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. मांजराचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास असते, त्यामुळे हाताला गरम लागणे म्हणजे ताप नव्हे. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणाऱ्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते; त्यानेही मांजरे मरतात. फरशी फिनेलने पुसली की मांजर त्यावरून चालते आणि पाय चाटते, म्हणून ते जिथे वावरते तिथे साबणाचे पाणी वापरावे. डांबराच्या गोळ्या, उंदरांचे औषध आणि फुलदाणीतली लिली आवाक्याबाहेर ठेवावी. लिलीचे परागकण चाटले गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

डॉक्टरकडे नेण्यासाठी मांजराला ऐन वेळी झडप घालून पकडले तर आधी मिळवलेला विश्वास जातो. जाळीचा पिंजरा किंवा झाकणाची मजबूत टोपली चार-पाच दिवस आधीच ताटलीशेजारी उघडी ठेवावी, आत जुनी चादर घालावी आणि ताटली रोज वीतभर आत सरकवावी. एके दिवशी ते आत खात असताना दार शांतपणे लावावे आणि वरून कापड टाकावे. अंधारात मांजर लवकर शांत होते. गावात खासगी डॉक्टर नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, आणि मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही जनावरांवर उपचार होतात. पहिल्या भेटीत वजन, जंताचे औषध, पिसवांचे औषध आणि लशी हे विषय काढावेत. पिल्लांना साधारण ८ आठवड्यांपासून तिहेरी लस देतात आणि तिच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात; रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर. घरात आधीचे मांजर असेल, तर नव्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावे. मांजरांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो, आणि आपल्या हातांवरून व चपलांवरूनही पसरतो.

घरात घेतलेल्या मांजराला शी-शूची सवय लावणे फारसे कठीण नसते. प्लास्टिकच्या पसरट घमेल्यात चार बोटे जाडीची वाळू किंवा सुताराकडचा भुसा घालावा आणि ते अन्नापासून दूर, शांत कोपऱ्यात ठेवावे. रोज साफ करावे. मांजराच्या विष्ठेतून माणसाला लागू शकणारे आणि पोटातल्या बाळाला अपायकारक ठरणारे टॉक्सोप्लाझ्माचे जंतू बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजच्या सफाईने धोका पुष्कळ कमी होतो. तरीही घरात गर्भवती स्त्री असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नसते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडक्यांना जाळी हवीच, कारण कबुतरामागे झेपावणारे मांजर उंचीचा विचार करत नाही.

पिल्ले एकटी सापडली तर लगेच उचलू नयेत. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात, आणि खरोखरच ती एकेक पिल्लू मानगुटीला धरून हलवत असते. आपण पाहतो तेव्हा ती दुसरे ठेवायला गेलेली असू शकते. पिल्ले उबदार आणि शांत असतील तर काही तास लांबून वाट पाहावी. ती थंडगार पडली असतील, सतत ओरडत असतील किंवा पावसात भिजत असतील, तरच घरात आणावीत, आणि आणल्यावर प्रथम ऊब द्यावी. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये, कारण ते पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. मग पशुखाद्याच्या दुकानात मिळणारी, मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर बाटलीने, पिल्लाला पालथे ठेवून पाजावी. उताणे धरून पाजले तर दूध फुप्फुसात जाते. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते, आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने शेपटीखाली हलके पुसावे लागते, कारण त्या वयात ते आपण होऊन शी-शू करू शकत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करावे. जन्मतः साधारण १०० ग्रॅमचे पिल्लू रोज १० ते १५ ग्रॅमने वाढायला हवे. एक दिवस वजन घटले तर डॉक्टरांना दाखवावे.

नसबंदी टाळू नये. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, गाभण राहिल्यापासून सुमारे ९ आठवड्यांत विते, आणि आधीची पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ या समजुतीला आधार नाही. उलट लवकर शस्त्रक्रिया झालेल्या मांजरीला स्तनांच्या कर्करोगाचा धोका बराच कमी असतो. बोक्याची नसबंदी केल्यावर त्याचे भटकणे, भांडणे आणि भिंतींवर मूत्राची पिचकारी मारणे बहुतेक वेळा कमी होते, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीही. शस्त्रक्रियेनंतर बोक्याला दोन-तीन दिवस आणि मांजरीला आठ-दहा दिवस कोरड्या, बंद खोलीत ठेवावे, उंच उड्या मारू देऊ नयेत, आणि टाके रोज सकाळी पाहावेत. कडा लाल होऊन स्राव येत असेल तर पुन्हा दाखवावे.

मांजर बाहेरच राहणार असेल, तर खाण्याची जागा जिन्यावर किंवा कोणाच्या दारापुढे नसावी, आणि खाणे झाल्यावर अर्ध्या तासात ताटली उचलून जागा पुसावी. इमारतीतली बहुतेक भांडणे पडून राहिलेल्या अन्नावरून होतात. दुसऱ्या गावी राहायला जाताना त्याला तसेच सोडून जाऊ नये. उपासमार होईल अशा अवस्थेत प्राणी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. चार दिवसांसाठी गावी जायचे असले तरी शेजाऱ्यांपैकी एकाला ताटलीची जागा, वेळ, खाद्याचे माप आणि डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून द्यावा, आणि जाण्याआधी दोन दिवस त्यालाच ताटली ठेवायला सांगावे, म्हणजे मांजराला त्याची चाहूल ओळखीची होते.