बिनशर्त प्रीती: लग्न ठरलेल्यांसाठी आणि लग्न मुरलेल्यांसाठीही

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लग्न ठरलेल्या जोडप्यांचे वर्ग मी आणि आमचे हे मिळून घेतो. ‘बिनशर्त प्रेम करशील ना?’ असं विचारलं की सगळे माना डोलावतात. त्या दिवसांत दुसरं काय करणार! म्हणून मी वेगळं विचारते: समोरच्यानं काय केलं की तुझं बोलणं बंद होतं? मग खरी उत्तरं यायला लागतात. ‘माझ्या माहेरचं कुणी आलं की हा तोंड पाडून बसतो, तेव्हा.’ ‘चारचौघांत माझी चूक काढली, तेव्हा.’ जिथे आपण अबोला धरतो तिथे आपली अट दडलेली असते. सुरुवात तिथून करा. आपापल्या दोन-चार अटी सापडल्या तरी पुष्कळ. जोडीदाराच्या शोधायला जाऊ नका, त्या तुम्हाला तोंडपाठच असतात.

अट सापडली म्हणून सुटत नाही. ‘आजपासून मी मनापासून प्रेम करणार’ असा निश्चय जेमतेम आठवडाभर टिकतो, कारण तो स्वतःच्या जोरावर केलेला असतो. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात (4:19) क्रम स्पष्ट आहे: आधी देवानं आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण करतो. रोमकरांस पत्रात (5:8) प्रेषित पौल म्हणतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आपण सुधारेपर्यंत तो थांबला नाही. म्हणून सकाळी जोडीदाराशी बोलण्याआधी थोडा वेळ एकटं बसा आणि काल आपल्याला कशाची क्षमा लागली ते देवासमोर नाव घेऊन सांगा. ‘प्रभू, माझी पापं क्षमा कर’ असं मोघम नको. ‘काल सासूबाईंचा फोन दिसत असून मी उचलला नाही’ असं नेमकं सांगा. ज्याला स्वतःची माफी नेमकी ठाऊक असते, त्याची जीभ दिवसभर जरा आवरलेली राहते.

मत्तय 18 मधला निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट, दोघांनी एकत्र वाचा. त्याला सात जन्मांत फिटणार नाही एवढं कर्ज माफ होतं, आणि बाहेर पडल्या पडल्या तो सोबतीचा गळा धरतो, 100 दीनारांसाठी. इथे पुष्कळजण घाईनं म्हणतात, ‘बघा, किरकोळ रकमेसाठी!’ मला ते पटत नाही. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. 100 दिवसांची कमाई किरकोळ कशी? जोडीदारानं दुखावलं ते खरंच दुखलेलं असतं, ‘त्यात काय एवढं’ म्हणून ते मिटत नाही. क्षमा करायची ती रक्कम पुरती मोजून, आणि आपलं स्वतःचं त्याहून कितीतरी मोठं माफ झालंय हे आठवून.

आता इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय. ह्यावरून घरोघरी वाद होतात, कारण वाचायला सुरुवात ‘बायकांनो, नवऱ्याच्या अधीन राहा’ ह्या 22 व्या वचनापासून होते. 21 पासून वाचा: तिथे एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलंय. आमच्या वर्गातला नियम असा की नवऱ्यानं नवऱ्याची वचनं वाचायची, बायकोनं बायकोची. दुसऱ्याचं वचन दुसऱ्याला ऐकवायचं नाही. 25 वं वचन वाचताना भल्याभल्या नवऱ्यांचा आवाज उतरतो, कारण तिथे ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती करायला सांगितलंय. ‘ऐकून घ्यायला लाव’ असं तिथे कुठेच नाही.

भांडण झालंच तर? सूर्य मावळण्याआधी राग सोडा, हे वचन बरेचजण असं पाळतात की मध्यरात्रीपर्यंत मुद्दे काढत बसतात. वचन रागाबद्दल आहे, निकाल त्याच रात्री लावा असं त्यात नाही. ‘मी अजून नाराज आहे, पण तुझाच आहे, उद्या बोलू’ एवढं म्हणा आणि झोपा. माफी मागताना ‘पण’ लावू नका. ‘चुकलो, पण तूही...’ ही माफी नव्हे. आमचे हे माफी मागायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून चष्मा पुसत बसतात. स्वच्छ असला तरी पुसतात. मी हातातलं काम ठेवते आणि थांबते. घाई केली की ‘पण’ येतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. प्रेमाला अट नसते, वागण्याला असते. मारहाण, धमक्या, सततचा अपमान सहन करणं म्हणजे बिनशर्त प्रीती नव्हे. व्यभिचारी बायकोला परत घेणाऱ्या होशेय संदेष्ट्याचं उदाहरण देऊन कुणी मार खाणाऱ्या बाईला घरी परत धाडत असेल तर त्याचं ऐकू नका. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, गरज पडली तर पोलिसांत जा. क्षमा मनात आजही करता येते. विश्वास मात्र समोरच्याचं वागणं बदललेलं दिसल्यावरच, हळूहळू परत येतो. दूर राहूनही कुणाचं भलं चिंतता येतं.

जोडीदार ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा नसेल तर त्याला वचनं ऐकवू नका. पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:1) बोलण्यापेक्षा वागण्यानं जिंकायचं सांगितलंय, तेवढं पुरे.

दोघं एकत्र प्रार्थना करायला लाजत असाल, आणि बहुतेक लाजतातच, तर स्वतःचे शब्द शोधत बसू नका. येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ ह्या ओळीवर एकाचा आवाज अडला तर दुसऱ्यानं पुढे रेटू नये. पुस्तक मिटा, कामाला लागा, संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून म्हणा.